व्हिडिओप्लेस

व्हिडिओप्लेस ही अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ व कलावंत मायरन क्रूगर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात निर्माण केलेली आणि पुढे अनेक वर्षे विकसित करत नेलेली संवादी कलाकृती आहे. या कलाकृतीत प्रेक्षकाची छायाकृती कॅमेऱ्याने टिपून मोठ्या पडद्यावरील संगणकनिर्मित जगात आणली जाते आणि प्रेक्षकाच्या हालचालींना ते जग तत्काळ प्रतिसाद देते. त्यासाठी प्रेक्षकाला डोक्यावर उपकरण चढवावे लागत नाही, विशेष हातमोजे घालावे लागत नाहीत आणि कळफलकही वापरावा लागत नाही. त्याचे शरीर हेच येथे संगणकाशी बोलण्याचे साधन असते.

आभासी जग आणि भौतिक जग यांच्यातील सीमारेषा पुसट करणाऱ्या कलाकृतींमध्ये व्हिडिओप्लेसची गणना आरंभीच्या व महत्त्वाच्या कृतींत होते. पडद्यावरील आपल्या प्रतिमेला जे घडते ते आपल्यालाच घडले असे माणसाला का वाटते, हा प्रश्न या कलाकृतीने प्रत्यक्ष प्रयोगातून पुढे आणला.

संज्ञा

ज्या कलाकृतीचे रूप प्रेक्षकाच्या कृतीनुसार बदलते, तिला संवादी कला म्हणतात. चित्र किंवा शिल्प पाहणारा बाहेर उभा असतो. संवादी कलेत मात्र तो आत आल्यावाचून कलाकृती पूर्ण होत नाही. म्हणून या कलेच्या संदर्भात 'प्रेक्षक' या शब्दापेक्षा 'सहभागी' हा शब्द अधिक योग्य ठरतो.

क्रूगर यांनी आपल्या कामासाठी 'प्रतिसादी परिसर' आणि 'कृत्रिम वास्तव' या अर्थांच्या इंग्रजी संज्ञा वापरल्या. 'आर्टिफिशियल रिअ‍ॅलिटी' हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आज प्रचलित असलेली 'आभासी वास्तव' ही संज्ञा १९८०च्या दशकात अमेरिकन संगणकतज्ज्ञ जॅरन लॅनियर यांच्यामुळे लोकप्रिय झाली. दोन्ही संज्ञा एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी त्यांमागील मार्ग भिन्न आहेत.

पार्श्वभूमी

क्रूगर यांनी मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात संगणकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. त्या काळी संगणकाला माहिती पुरवायची आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, अशी कामाची पद्धत होती. माणसाने यंत्राच्या सोयीने वागण्याऐवजी यंत्राने माणसाच्या स्वाभाविक हालचाली ओळखाव्यात, ही क्रूगर यांची भूमिका याच काळात घडली. व्हिडिओप्लेसच्या आधी त्यांनी केलेल्या तीन प्रयोगांतून तिचा विकास दिसतो.

ग्लोफ्लो (१९६९): डॅन सँडिन, जेरी एर्डमन आणि रिचर्ड व्हेनेझ्की यांच्यासह केलेला हा प्रयोग एका अंधाऱ्या दालनात मांडला होता. भिंतींवरील नळ्यांतून चमकणाऱ्या द्रवाच्या रेषा दिसत आणि जमिनीतील दाबसंवेदकांवर पाऊल पडले की प्रकाश व ध्वनी बदलत. परंतु दालनातील शांत वातावरण भंगू नये म्हणून प्रतिसाद मुद्दाम विलंबाने दिला जाई. त्यामुळे हा बदल आपल्यामुळे झाला हे अनेकांच्या लक्षातच येत नसे. यावरून क्रूगर यांनी असा निष्कर्ष काढला की, कलाकृती आपल्याला प्रतिसाद देत आहे याची जाणीव सहभागी व्यक्तीला झालीच पाहिजे. प्रकाश किंवा ध्वनी किती सुंदर आहे यापेक्षा कृती व प्रतिसाद यांतील नाते अधिक महत्त्वाचे, म्हणजेच प्रतिसाद हेच या कलेचे माध्यम, हे सूत्र त्यांनी पुढे कायम ठेवले.

मेटाप्ले (१९७०): या प्रयोगात कलादालनातील व्यक्तीचे चित्र सुमारे एक मैल दूर असलेल्या संगणक केंद्रात पाठवले जाई. तेथे बसलेला कलावंत त्यावर रेषा काढी आणि मूळ चित्र व रेषा यांचे एकत्रित दृश्य दालनातील पडद्यावर दिसे. कलावंताने एखाद्याच्या बोटाच्या टोकापासून रेषा काढायला सुरुवात केली आणि त्या माणसाने बोट हलवले, की तो हवेत बोटाने चित्र काढत असल्याचा आभास निर्माण होई. त्यामागे संगणकाची हुशारी नव्हती, दूर बसलेल्या माणसाचा हात होता. परंतु पुढे संगणकाकडून काय करून घ्यायचे, हे या खेळाने दाखवून दिले.

सायकिक स्पेस (१९७१): येथे संपूर्ण जमीनच पावले ओळखत असे. सहभागी व्यक्ती चालू लागली की पडद्यावरील तिचे चिन्ह एका भूलभुलैयातून पुढे सरके. मोकळ्या जमिनीवर कोणताही अडथळा नव्हता, तरी लोक पडद्यावरील भिंतींचा मान राखून वळणे घेत. एखाद्याने भिंत ओलांडण्याचा प्रयत्न केला, तर ती कधी रबरासारखी ताणली जाई, तर कधी सारा भूलभुलैयाच त्याच्याबरोबर सरके. भूलभुलैया सोडवणे हा या खेळाचा हेतूच नव्हता.

मूळ संकल्पना

व्हिडिओप्लेसची कल्पना मेटाप्लेची जुळवाजुळव चालू असताना सुचली, असे क्रूगर यांनी लिहिले आहे. दोन ठिकाणांमधील यंत्रणेतील दोष शोधण्यासाठी ते आणि त्यांचे सहकारी दृक्‌दुव्याचा उपयोग करीत होते. दोघांसमोर एकच संयुक्त चित्र होते आणि त्यावर दोघांचेही हात दिसत होते. बोटाने एकेक भाग दाखवत बोलताना आपण एका टेबलाशी बसलो आहोत असे त्यांना वाटू लागले. क्रूगर यांच्या हाताची प्रतिमा सहकाऱ्याच्या हाताच्या प्रतिमेवर आली, तेव्हा त्या सहकाऱ्याने जणू खरोखर स्पर्श झाल्याप्रमाणे आपला हात बाजूला घेतला. दोघांमध्ये मैलभर अंतर असताना हे घडले.

या अनुभवातून क्रूगर यांनी 'स्थळ' या कल्पनेचाच नव्याने विचार केला. दूरध्वनीवर बोलणारे दोघे वेगवेगळ्या गावी असतात, तरी त्यांचे संभाषण दोघांना समान असलेल्या एका स्थळी चालते. ते स्थळ दोघांना एकाच वेळी उपलब्ध असलेल्या माहितीचे बनलेले असते. दूरध्वनीत ती माहिती केवळ आवाजाची असते. तिच्यात दृश्याची भर घातली, तर माणसे परस्परांच्या प्रतिमांसह एकत्र वावरू शकतील. 'व्हिडिओप्लेस' या नावाचा, म्हणजे 'दृश्याने घडवलेले स्थळ' याचा, उगम या विचारात आहे.

रचना आणि कार्यपद्धती

व्हिडिओप्लेसच्या दालनात सहभागी व्यक्ती मोठ्या पडद्यासमोर उभी राहते. तिच्या पाठीमागे आतून उजळलेला पांढरा पृष्ठभाग असतो. त्यामुळे समोरच्या कॅमेऱ्याला तिचे शरीर उजळ पार्श्वभूमीवरील गडद आकृतीसारखे दिसते. शरीर कोणते आणि पार्श्वभूमी कोणती, हा संगणकाला अवघड जाणारा प्रश्न या साध्या युक्तीने सुटतो.

पुढील टप्प्यात यंत्रणा त्या छायाकृतीची बाह्यरेषा शोधते. आकृतीचा सर्वांत उंच बिंदू कोठे आहे, हात कोणत्या दिशेला आहेत, बोटांची टोके कोठे आहेत, ती कोणत्या वेगाने हलत आहेत आणि पडद्यावरील एखाद्या वस्तूला त्यांचा स्पर्श होतो का, हे तपासले जाते. हे सर्व सेकंदाच्या तिसाव्या भागाइतक्या अल्पावधीत व्हावे लागते. कारण प्रतिसाद रेंगाळला की प्रतिमा आपली असल्याची भावना विरून जाते. त्या काळातील सर्वसाधारण संगणकांना हा वेग झेपणारा नव्हता. म्हणून क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी खास प्रक्रियक बनवले.

प्रमुख प्रयोग

व्हिडिओप्लेस हे एकच दृश्य नसून अनेक लहान प्रयोगांचा संच आहे. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे:

क्रिटर: पडद्यावर एक चिमुकला जीव वावरत असतो. तो छायाकृतीच्या आसपास घुटमळतो आणि जवळ जाताच पळ काढतो. हात पुढे धरला की त्यावर उतरतो आणि शरीरावरून चढत माथ्यापर्यंत पोहोचला की आनंदाने नाचू लागतो. बोटाला लोंबकळतो, पकडला गेला तर फुटून नाहीसा होतो व पुन्हा प्रकट होतो. त्याच्या वागण्यामागे साध्या नियमांचा संच असला तरी लोक त्याच्याशी एखाद्या खोडकर प्राण्याशी वागावे तसे वागतात.

बोटांनी चित्र काढणे: तर्जनी पुढे धरली की पडद्यावर रेषा उमटते, मूठ मिटली की थांबते आणि पाचही बोटे पसरली की चित्र पुसले जाते. मेटाप्लेमध्ये जे काम दूर बसलेला माणूस करीत होता, ते येथे संगणक करतो.

व्हिडिओडेस्क: यात एक व्यक्ती टेबलाशी बसते आणि वरचा कॅमेरा केवळ तिचे हात टिपतो. दुसरी व्यक्ती दालनात उभी असते व तिची संपूर्ण आकृती पडद्यावर लहान होऊन दिसते. टेबलाशी बसलेल्याचे हात तिच्यासमोर राक्षसी आकाराचे होऊन येतात, तिला तळव्यावर उचलतात आणि इकडून तिकडे नेतात. अपरिचित माणसेही थोड्याच वेळात या खेळात रमतात.

प्रतिमा आणि देह

व्हिडिओप्लेसमधील प्रतिमा ही छायाचित्रासारखी तपशीलवार नसते. तिच्यात चेहरा नसतो, कपड्यांचे रंग नसतात, खोली नसते. तरीही सहभागी व्यक्ती तिला 'मी' म्हणते. याचे कारण साम्य नव्हे, तर आज्ञाधारकता हे आहे: मी हात उचलला की तीही उचलते. आपले शरीर आपले आहे ही जाणीवही बऱ्याच अंशी अशाच मेळातून घडत असते. त्यामुळे प्रतिमा लहान केली, उलटी फिरवली किंवा हवेत तरंगवली, तरी तिच्याशी असलेले नाते तुटत नाही.

या नात्याबरोबर सामाजिक संकेतही पडद्यावर येतात. प्रत्यक्षात आपण अनोळखी माणसापासून जे अंतर राखतो, तेच प्रतिमांमध्येही राखले जाते आणि त्याचा भंग झाला की संकोच वाटतो. म्हणूनच आभासी जगात घडलेले ते 'खोटे' आणि भौतिक जगात घडलेले तेवढेच 'खरे', अशी सरळ विभागणी येथे टिकत नाही. पडद्यावरील धक्क्याने शरीराला इजा होत नाही हे खरे. परंतु मागे सरणारे पाऊल मात्र खऱ्या जमिनीवर पडते.

याची गंभीर बाजू ब्रिटिश कलावंत पॉल सर्मन यांच्या 'टेलिमॅटिक ड्रीमिंग' (१९९२) या कलाकृतीत दिसून आली. तिच्यात दोन वेगळ्या ठिकाणी दोन पलंग असतात आणि एका पलंगावरील व्यक्तीची प्रतिमा दुसऱ्या पलंगावर प्रक्षेपित होते. नर्तिका व अभ्यासक सुझन कोझेल यांनी १९९४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे काही आठवडे या कलाकृतीत सहभाग घेतला. दूरच्या अनोळखी व्यक्तींशी झालेल्या अनेक भेटी कोमल होत्या. परंतु एका प्रसंगी त्यांच्या प्रतिमेच्या पोटावर कोपराचा जोरदार प्रहार झाला. प्रहार जाणवला नसूनही आपले शरीर आपोआप दुमडले, असे त्यांनी नोंदवले आहे. मारणाऱ्याला समोर केवळ प्रकाशाचा कवडसा दिसत होता. प्रहार झेलणारी व्यक्ती मात्र जिवंत होती.

आभासी वास्तवाशी तुलना

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचे दृश्ययंत्र तयार केले आणि आभासी वास्तवाचा एक मार्ग तेथून सुरू झाला. या मार्गात बाहेरच्या दृश्याची जागा संगणकाचे दृश्य घेते किंवा ते त्यावर चढवले जाते आणि वापरणारा आपल्या डोळ्यांनी आभासी जगात पाहतो. व्हिडिओप्लेसमध्ये सहभागी व्यक्ती आपल्या भौतिक दालनातच उभी असते आणि स्वतःला आभासी जगात वावरताना बाहेरून पाहते. पहिल्या मार्गात त्रिमितीचा प्रत्यय अधिक येतो. दुसऱ्यात शरीर मोकळे राहते आणि अनेकांना एकत्र सहभागी होता येते. अंगावर काहीही न चढवता मिळणारा अनुभव हा क्रूगर यांच्या आग्रहाचा विषय होता.

प्रदर्शन आणि गौरव

व्हिडिओप्लेस १९७५ मध्ये मिल्वॉकी येथील कलासंग्रहालयात प्रदर्शित झाली. पुढे क्रूगर यांनी कनेक्टिकट विद्यापीठात तिचे काम चालू ठेवले. ऑस्ट्रियातील लिंझ येथील आर्स इलेक्ट्रॉनिका या संस्थेने १९९० मध्ये संवादी कलेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्या विभागातील पहिला 'गोल्डन नीका' क्रूगर यांना मिळाला.

प्रभाव

कॅमेऱ्याने शरीराची हालचाल ओळखून तिला प्रतिसाद देण्याची पद्धत पुढे अनेक कलावंतांनी आपापल्या दिशेने नेली. कॅनडाचे डेव्हिड रोकबी यांच्या 'व्हेरी नर्व्हस सिस्टिम'मध्ये हालचालीतून ध्वनी निर्माण होतो. कमिल अटरबॅक व रोमी अखितूव यांच्या 'टेक्स्ट रेन' (१९९९) या कलाकृतीत पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडतो आणि सहभागी व्यक्ती आपल्या हातांवर, खांद्यांवर ती अक्षरे झेलते. घरगुती खेळयंत्रांमध्ये आयटॉय (२००३) आणि किनेक्ट (२०१०) या उपकरणांनी शरीराच्या हालचालीने खेळण्याची सोय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली.

दूर असलेल्या माणसांनी एका पडद्यावर एकत्र येणे ही गोष्ट आज दृक्‌संवादामुळे नित्याची झाली आहे. तथापि तेथे प्रत्येकाची प्रतिमा आपापल्या चौकटीत बंदिस्त असते. या चौकटी काढून टाकून सर्वांना एकाच स्थळी वावरू देणे, ही व्हिडिओप्लेसमागील कल्पना होती.

मर्यादा आणि जतन

छायाकृतीवर आधारलेल्या पद्धतीच्या काही मर्यादा उघड आहेत. सपाट आकृतीवरून शरीराची खोली कळत नाही. हात शरीराच्या समोर आले की ते आकृतीत मिसळून जातात. विशिष्ट प्रकाशयोजनेच्या दालनाबाहेर ही यंत्रणा चालत नाही.

दुसरी अडचण जतनाची आहे. अशी कलाकृती यंत्र, आज्ञावली आणि माणूस या तिघांच्या एकत्र येण्याने घडते. खास बनवलेले प्रक्रियक निकामी झाले की त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि नव्या संगणकावर तीच कृती उभारायची, तर प्रतिसादाचा मूळ वेग व स्वभाव जसाच्या तसा साधावा लागतो. व्हिडिओप्लेसची चित्रफीत पाहणाऱ्याला दुसऱ्या कोणाच्या तरी बोटावर बसलेला क्रिटर दिसतो. तो आपल्या हातावर उतरल्याचा अनुभव मात्र चित्रफितीतून मिळत नाही.