माठातले मांडूळ

गेल्या वैशाखातली गोष्ट. माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी मी उदगीर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, घराचेही नाही. नमुन्यांच्या पिशव्या बांधून झाल्या, चहा झाला. मी निघालो तसा घरधनी जवळ येऊन हळूच म्हणाला, "सायेब, जरा आत या. एक जनावर दाखवायचं हाय."

मला वाटले, गाय आजारी असेल. म्हटले, "दादा, मी शेतीचा माणूस. गुरांच्या डॉक्टरला बोलवा."

"तसलं जनावर न्हाई," तो म्हणाला.

आत अंधाऱ्या खोलीत कणगीमागे एक जुना माठ होता. तोंडाला फडके बांधलेले. फडके सोडले तर आत अर्धा माठ माती आणि मातीवर वेटोळे करून पडलेले एक मांडूळ. तपकिरी, गुळगुळीत, मनगटाएवढे जाड. उकिरड्यातले खत उकरताना आठ दिवसांपूर्वी सापडलेले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, तो फिरत फिरत एका दलालाकडे गेला आणि दलाल दारात आला. दुतोंड्याला लाखांनी भाव आहे, फक्त वजन अडीच किलो भरले पाहिजे आणि आधी मशीनवर तपासणी झाली पाहिजे, असे त्याने सांगितले. तपासणीचे पंधरा हजार त्याने रोख नेले. त्यासाठी दोन शेळ्या विकल्या गेल्या होत्या.

"पर सायेब, हे काय खायना झालंय. दूध ठेवलं, अंडं ठेवलं. तोंड लावंना. हात घातला की मागचं तोंड वर करतंय. नव्या घराला बुजलंय का रोगी हाय?"

बुजलंय हा शब्द त्याने अगदी बरोबर वापरला होता. बुजलेले जनावर आपल्याला नवे नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून नवा देवणी गोऱ्हा घरी आणला, की पहिले दोन दिवस तो वैरणीकडे पाहत नाही. डोळे मोठे करतो, दावे ताणतो. मग आपण त्याला जुन्या बैलाशेजारी बांधतो, मालक एकाच आवाजात हाक मारतो, मानेवरून हात फिरवतो, हाताने पेंड चारतो. आठ दिवसांत गोऱ्हा घरचा होतो. होतो, कारण त्याच्या कित्येक पिढ्या माणसाच्या दावणीला गेल्या आहेत आणि मुळात तो कळपातला जीव आहे.

मांडूळ तसे नाही. ते एकटे राहणारे, दिवसभर भुसभुशीत मातीत दडणारे आणि रात्री बाहेर पडणारे. सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीचा हादरा त्याला आधी कळतो. धन्याची हाक ही त्याच्या लेखी माया नव्हे. फडके सोडून वरून हात आला, की त्याला वाटते घार आली किंवा मुंगूस आले. दिवसातून दहा वेळा शेजारीपाजारी पाहायला येत असतील, तर दिवसातून दहा वेळा ते मरणाच्या भीतीने गोळा होते. अशा भीतीत साप आठवडेच्या आठवडे खात नाही. जबरदस्तीने घशात काही कोंबले तर उलटून टाकतो किंवा मरतो. दूध हे सापाचे अन्न नव्हेच. मांडुळाचे अन्न उंदीर आणि उंदरांची पिल्ले.

आणि ते "मागचे तोंड"? ते तोंड नव्हे, शेपूट आहे. मांडुळाची शेपटी टोकदार नसून डोक्यासारखीच बोथट असते. घाबरले, की ते खरे डोके वेटोळ्याखाली दडवते आणि शेपूट वर करून हलवते. शत्रूने घाव घातलाच तर तो शेपटीवर बसावा, डोके वाचावे, एवढीच त्यातली युक्ती. ज्याला लोक दुसरे तोंड समजून लाखांचा भाव लावतात, ती त्या मुक्या जिवाची भीती आहे. काही गारुडी पूर्वी शेपटीला चरे पाडून डोळे-तोंड असल्याचा देखावा करीत.

वजनाचेही तसेच. पूर्ण वाढलेले मांडूळ अडीच-तीन फुटांचे. त्याचे वजन अडीच किलो भरणे अवघडच. दलालाने अट घातली ती पुरी न होणारीच. म्हणजे पैसे परत मागायला गेले, की "तुमचं जनावर कमी भरलं" म्हणायला तो मोकळा.

हे सारे मी त्याला सांगितले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे, त्यात तुरुंग आहे, हेही सांगितले. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला नाग पकडून माठात ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. तिथल्या माणसांचा हात किती सराईत! तरी उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची पूजा थांबली. मग आपण कोण?

त्याने मान हलवली, पण पंधरा हजार त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. "चार दिस बगतो, सायेब," म्हणाला. खरे तर मी त्याच दिवशी वन खात्याला कळवायला हवे होते. घरी चहा प्यालेलो, माणूस गरीब, म्हणून भिडेपोटी गप्प राहिलो. ही चूक माझी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज कापत होता. त्याचा सात वर्षांचा मुलगा या आठ-पंधरा दिवसांत माठात हात घालून मांडूळ उचलायला शिकला होता. मांडूळ बिनविषारी, बहुधा चावतही नाही. पोराची भीड चेपली. त्या दिवशी गोठ्यामागे कडब्याच्या गंजीखाली त्याला एक जाडजूड अंग दिसले. "आज्जे, आपल्या मांडुळाचा भाऊ," असे म्हणून तो वाकला. म्हातारी शेण काढीत होती. तिला आवाज ऐकू आला, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा. तिने पोराला दंडाला धरून मागे ओढले. ती घोणस होती.

वाचकांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोके त्रिकोणी, शेपूट निमुळते, आणि डिवचली की मोठ्याने फुत्कारते. मांडूळ एकरंगी असते. पण दुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप ठिपक्यांमुळे घोणशीसारखा दिसतो आणि अंधारात, घाईत भलेभले चुकतात. म्हणून ओळख पटली असे वाटले तरी हात लावू नये. लेकरांना तर नाहीच. सापाला न भिणारे पोर पाहून आपल्याला कौतुक वाटते. ते कौतुक महागात पडते.

त्या रात्री म्हातारीने निकाल दिला. "शेळ्या गेल्या ते गेल्या. उद्या ह्ये घरात दिसलं तर मी लेकीकडं जाते." मी वन खात्याच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवायला सांगितले आणि सकाळी स्वतः तिथे गेलो. वनरक्षक आले, त्यांच्याबरोबर एक सर्पमित्र होता. त्या मुलाचे काम पाहण्यासारखे होते. त्याने सगळ्यांना मागे सारले, बोलणे बंद करायला लावले. माठ आडवा केला, माती हळूच ओघळू दिली. वरून झडप नाही, शेपटीला धरून लोंबकळवणे नाही. दोन्ही हात अंगाखाली सरकवून, पूर्ण वजन तोलून, त्याने ते कापडी पिशवीत सोडले. पिशवी अंधारी, हवा खेळती, उन्हापासून दूर. पिशवीत जाताच त्याची शेपटी खाली आली. "काळोख मिळाला की निवतंय," तो म्हणाला.

जबाब घेतला गेला, कानउघाडणी झाली, दलालाचा फोन नंबर लिहून घेतला गेला. पुढचे काम त्यांचे.

मांडूळ त्याच शिवारात, वस्तीपासून दूर, बांधाच्या भुसभुशीत तांबड्या मातीत सोडले. घरधनी बरोबर होता. मी त्याला बांधावरची उंदरांची बिळे दाखवली. ज्वारी-तुरीच्या दिवसांत याच बिळांसाठी आपण विषारी गोळ्यांवर पैसे घालतो. मांडूळ या बिळात स्वतः शिरते आणि पिल्लांसकट साफ करते. तो काही बोलला नाही.

तुमच्याकडे असे जनावर निघाले तर एवढेच करा: दूर उभे राहा, लेकरे-कुत्री आवरा, नजर ठेवा, 1926 ला किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा. फोटो काढून पाठवू नका. दलाल फोटोवरच येतात. कोणताही साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला हात-पाय न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये.

पावसाळ्यात पुन्हा त्या गावी गेलो होतो. पंधरा हजार परत आलेले नाहीत. माठ मात्र तसाच कणगीमागे आहे. म्हातारीने त्यात लसूण भरून ठेवला आहे.