पोहण्याच्या तलावातला उग्र वास कशाचा?

पोहण्याच्या तलावातले पाणी निर्जंतुक ठेवण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्लोरीन वापरतात. क्लोरीन पाण्यात मिसळले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतूंना मारण्याचे मुख्य काम तेच करते. त्याचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. सामू सुमारे ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी जवळपास निम्मा भाग या आम्लाच्या रूपात असतो. सामू ८ च्या वर गेला की तो पावभागाहूनही कमी उरतो. म्हणून सामू साधारण ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखतात. तपासणीसाठी पाण्याच्या नमुन्यात डीपीडीची गोळी टाकतात. नमुना गुलाबी होतो; रंग जितका गडद, तितके क्लोरीन जास्त.

तलावाजवळ येणारा उग्र वास म्हणजे स्वच्छतेची खूण, हा समज चुकीचा आहे. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात. वास त्यांचाच असतो, आणि डोळे चुरचुरतात, खोकला येतो तोही मुख्यतः त्यांच्यामुळेच. पोहण्याआधी मिनिटभर शॉवर घेतला तरी अंगावरचा बराचसा मळ आणि घाम निघून जातो.

उघड्या तलावात ऊन क्लोरीन झपाट्याने नष्ट करते. ते टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मात्र नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यात आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. त्यामुळे जुलाब होत असताना तलावात उतरू नये.