रत्तलामागे तीन पेनी

स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर परवा चमचाभर चहा पावडर तोलून पाहिली. दोन ग्रॅम भरली. जुना रत्तल ४५४ ग्रॅमचा, म्हणजे रत्तलभर पावडरीत २२७ कप. १७७३ साली अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत रत्तलभर चहावर ३ पेनी जकात होती. पेनीचे चार फार्दिंग. हे चिमुकलं नाणं एकदा दिलं की जवळजवळ १९ कपांची जकात भागायची. आणि या जकातीवरून माणसांनी राजाविरुद्ध बंदुका उचलल्या असं आपण शाळेत वाचलेलं असतं. काट्याकडे बघत बसलो तेव्हा ते काही केल्या पटेना.

मग पुढचा हिशेब करत गेलो.

१६ डिसेंबर १७७३. बॉस्टनच्या धक्क्याला डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजं उभी होती. रात्री शे-दीडशे माणसं त्यांवर चढली. अंगावर कांबळी, तोंडाला काजळी, मोहॉक इंडियनांचं सोंग. तीन तासांत त्यांनी ३४२ पेट्या फोडून ९२,००० रत्तल चहा समुद्रात ओतला. पावणेबेचाळीस टन. ओहोटीची वेळ, पाणी उथळ. चहाचे ढीग पाण्याबाहेर डोकावू लागले. तरंगणारा चहा कुणी गोळा करून घरी नेऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या घालून तो वल्ह्यांनी झोडपून बुडवावा लागला. माझ्या चमच्याच्या मापाने ते २ कोटी ८ लाख कप होतात. बॉस्टनची वस्ती सोळा हजारांच्या आसपास. माणशी रोज दोन कप धरले तरी तान्ह्या मुलांसकट सगळ्या गावाला पावणेदोन वर्षं पुरला असता.

आता या सगळ्या चहाची जकात काढा. २,७६,००० पेनी. २४० पेनींचा पौंड धरून ११५० पौंड. मालकाने मागितलेली नुकसानभरपाई ९,६५९ पौंड. अकराशे पौंडांची जकात द्यायची नाही म्हणून साडेनऊ हजारांचा माल बुडवला.

मालक म्हणजे आपल्या पुरत्या ओळखीची ईस्ट इंडिया कंपनी. (चहा मात्र चीनचा, आसामचे मळे उभे राहायला अजून साठेक वर्षं होती.) कंपनीच्या लंडनच्या वखारींत तेव्हा १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता, बॉस्टनला बुडवला त्याच्या १८५ पट. कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर. सरकारने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि जोडीला १७७३चा चहा कायदा केला: लंडनची जकात माफ, माल थेट अमेरिकेत. त्यामुळे ३ पेनी भरूनही कंपनीचा चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. म्हणजे बॉस्टनकरांनी जो बुडवला तो स्वस्त झालेला चहा होता. गोष्ट इथे आणखीच कोड्यात जाते.

कोड्याची सुरुवात दहा वर्षं आधीची. फ्रान्सशी सात वर्षं चाललेलं युद्ध ब्रिटनने १७६३ मध्ये जिंकलं. कॅनडा मिळाला, बंगालमध्ये पाय रोवले गेले. पण युद्धापूर्वी साडेसात कोटी पौंडांचं असलेलं सरकारी कर्ज १३ कोटींवर गेलं. ब्रिटनची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या घरात, म्हणजे पाळण्यातल्या पोरासकट प्रत्येकाच्या डोक्यावर १६ पौंड. सरकारचं जवळजवळ निम्मं उत्पन्न व्याजात जात होतं. त्यात अमेरिकेत दहा हजार फौज कायमची ठेवायचं ठरलं आणि तिचा खर्च वर्षाला दोन लाख पौंडांच्या वर.

पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हा हिशेबी माणूस. त्याने वह्या उघडल्या तेव्हा दिसलं, की अमेरिकेतली जकात वर्षाला दोनेक हजार पौंड येते आणि ती गोळा करणाऱ्या नोकरांवर आठ हजार खर्च होतात. एक रुपया आणायला चार रुपये रिक्षाभाडं! इतिहासकारांच्या अंदाजानुसार १७६५च्या सुमारास ब्रिटनमध्ये माणशी २६ शिलिंग कर पडत होता, मॅसॅच्युसेट्समध्ये एक शिलिंग आणि व्हर्जिनियात ५ पेनी. लंडनचा माणूस व्हर्जिनियाकराच्या बासष्ट पट भरत होता. पैसा तुमच्या रक्षणाला लागतो, तर थोडा भार तुम्हीही उचला, यात ग्रेनव्हिलला काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर नुसते आकडे पुढ्यात ठेवले तर मलाही दिसत नाही.

१७६५ मध्ये त्याने स्टँप ॲक्ट आणला. महाराष्ट्रात फ्लॅटची नोंदणी केलेल्या कुणालाही हा कर समजावून सांगायला नको. करारनामा, इच्छापत्र, वर्तमानपत्र, पंचांगासारखी अल्मनॅक, सगळ्याला सरकारी छापाचा कागद. जाहिरातीला २ शिलिंग, पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १०, पदवीच्या कागदाला २ पौंड, वकिली परवान्याला १० पौंड. अपेक्षित वसुली वर्षाला ६०,००० पौंड, आणि तीही अमेरिकेतल्या फौजेवरच खर्च व्हायची होती. वीस लाखांच्या आसपास वस्ती धरली तर डोक्यामागे सात पेनी. पण यादी नीट बघितली तर कर नेमका कुणाच्या बोटांना लागला ते कळतं: वकील, छापखानेवाले, संपादक, गुत्तेवाले, बंदरातले खलाशी. बोलघेवड्या आणि गर्दी जमवणाऱ्या सगळ्या धंद्यांना एकाच दिवशी चिमटा काढायचा, यापेक्षा वाईट नेम कसा साधणार?

वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. १८ मार्च १७६६ला तो रद्द झाला आणि बॉस्टनला ती बातमी पोचली १६ मेला, ५९ दिवसांनी. मध्ये पाच हजार किलोमीटर समुद्र. एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर यायचं तर चार महिने गेले. असा कारभार दीडशे वर्षं चालला होता. व्हर्जिनियाची विधानसभा १६१९ पासून भरत होती. रस्ता कुठे न्यायचा, कर किती बसवायचा, गव्हर्नरला पगार किती द्यायचा, हे बहुतेक ठिकाणी गावची माणसंच ठरवत. १७००च्या सुमारास अडीच लाख असलेली वसाहतींची वस्ती १७७५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. दहापट! त्यातले पाच लाख गुलाम होते, त्यांना कुणीच काही विचारत नव्हतं. ही पंचवीस लाख माणसं लंडनच्या लेखी अजून दूरची पोरंटोरं होती. पार्लमेंटच्या ५५८ सभासदांत त्यांचा एकही नव्हता; आणि ओल्ड सारम नावाच्या, घर शोधावं लागेल अशा ओसाड टेकडीचे दोन होते.

१७६७ मध्ये पुन्हा कर आले: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. अपेक्षा फक्त ४०,००० पौंडांची. पण या वेळी एक खुंटी वेगळी ठोकली होती. या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार परस्पर द्यायचे. आजवर गव्हर्नर हट्टाला पेटला की विधानसभा त्याचा पगार अडकवायची. ते दावं आता सुटणार होतं. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी शेतकऱ्याच्या नावाने बारा पत्रं छापली आणि त्यांत हेच घोकलं, की कर लहान आहे हीच तर त्यातली मेख. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे एका वाक्यात सांगितलं असतं: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

लंडनलाही ते नेमकं कळलं होतं. १७६९ मध्ये मंत्रिमंडळ बसलं आणि बाकीचे कर काढायचं ठरलं. चहाचाही काढावा का? पाच मतं ‘नको’, चार ‘काढा’. पैशासाठी तो ठेवलाच नव्हता. हक्क सोडला असं दिसू नये म्हणून ठेवला. एका मताने.

आणि १७७३ मध्ये डिकिन्सन यांनीच आणखी एक गोष्ट लिहिली, जी आपण शाळेत वाचली नाही. कंपनीचा चहा घेऊ नका, या कंपनीने आशियात काय केलं ते बघा. एका वर्षात तिथे पंधरा लाख माणसं भुकेने मेली म्हणतात. ते बंगालबद्दल लिहीत होते. पंधरा लाख हा आकडा लहानच म्हणायचा. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये स्वतःच कळवलं होतं, की दुष्काळात बंगालची निदान एक तृतीयांश माणसं गेली, आणि तरी १७७१ची वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षा जास्तच झाली. स्टँप ॲक्ट झाला त्याच १७६५ साली ऑगस्टमध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, मिळाली होती. सगळा खर्च जाऊन वर्षाला १ कोटी २२ लाख रुपये, म्हणजे साडेसोळा लाख पौंड उरतील, असा क्लाइव्हचा अंदाज होता. स्टँपच्या साठ हजारांच्या सत्तावीस पटींहून जास्त. फिलाडेल्फियातल्या वाचकाने हे दोन आकडे शेजारी मांडले नसतील. पण कर मागणारा आणि चहा विकणारा एकच झाला की कुठवर मजल जाते, याचा नमुना त्याला छापून मिळत होता.

चहा बुडवल्यावर बॉस्टनचं बंदर बंद झालं आणि मॅसॅच्युसेट्सच्या गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरायच्या असा कायदा आला. १९ एप्रिल १७७५च्या पहाटे तिथल्याच लेक्सिंग्टन गावच्या कुरणावर ७७ गावकरी सातशे ब्रिटिश शिपायांच्या तुकडीच्या आघाडीसमोर उभे राहिले. त्यांतले आठ मेले. ब्रिटिश सेनापती जनरल गेजने लंडनला खलिता घेऊन जहाज रवाना केलं. चार दिवसांनी सेलमचा जॉन डर्बी छोटं रिकामं जहाज हाकत निघाला आणि २८ मेला गावकऱ्यांच्या जबान्या घेऊन लंडनमध्ये हजर झाला. सरकारी खलिता त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी पोचला. तोवर लंडनची वर्तमानपत्रं बंडखोरांची बाजू छापून मोकळी झाली होती.

१७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत. कराची त्यांतली एक. बाकी बहुतेक विधानसभा बरखास्त करणं, न्यायाधीशांचे पगार, घरादारांतली फौज, अशाच.

१७७८ मध्ये पार्लमेंटने चहावरची ती जकात अधिकृतपणे रद्द केली, वसाहतींवर महसुलासाठी कर बसवायचा हक्कही सोडला. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. (पुढच्याच जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या मुंबईकर फौजेला कोंडून तह लिहून घेतला; ब्रिटिशांचे ते दिवस एकूणच बरे नव्हते.) युद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या कर्जात सुमारे दहा कोटी पौंडांची भर पडली. स्टँप ॲक्टच्या साठ हजारांनी ती फेडायची तर १६६६ वर्षं लागली असती.

१७८१च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला सात हजारांवर फौज घेऊन शरण आलेला सेनापती होता चार्ल्स कॉर्नवॉलिस. पाच वर्षांनी तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. इथे त्याने मराठा सेनापती हरिपंत फडक्यांच्या फौजेच्या आणि निजामाच्या साथीने टिपूला नमवलं, आणि १७९३ मध्ये बंगालचा सारा कायमचा बांधून दिला: वर्षाला २ कोटी ६८ लाख सिक्का रुपये. तेव्हाच्या भावाने तीस लाख पौंडांच्या घरात, स्टँपच्या साठ हजारांची पन्नास पट.