हातात बसेल ते पिस्तूल

पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं आणली आणि आमच्या इंदूरच्या रेंजवर नवी मुलं दिसू लागली. मी तिथे बरीच वर्षं एअर पिस्तूल चालवतो. त्यामुळे मुलांचा आणि मुलांपेक्षा आई-बाबांचा प्रश्न माझ्याकडेच येतो, "काका, मॉरिनी घ्यावं की स्टायर?" प्रश्न साधा नाही. ही परदेशी पिस्तुलं लाखाच्या वर जातात आणि आपल्यासारख्या घरांत एवढा खर्च एकदाच होतो.

आधी एक सांगतो, म्हणजे निम्मी काळजी मिटेल. स्वित्झर्लंडचं मॉरिनी, ऑस्ट्रियाचं स्टायर, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवेर्कबाउ, इटलीचं पार्दिनी, यांतलं कुठलंही चांगल्या स्थितीतलं पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून दहा मीटरवर चालवा. छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातील. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. चुकतो तो हात. म्हणून नेमबाजांची आवडनिवड अचूकतेवरून ठरत नाही, हाताला काय मानवतं यावरून ठरते.

सगळ्यात जास्त वाद ट्रिगरवर होतात. नियम असा, की एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी पंच तेवढं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल वर उचलायला लावतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. सगळ्यांना नियम एकच, पण बोटाला लागणारा स्पर्श वेगवेगळा. बहुतेक ट्रिगर दोन टप्प्यांचे असतात. पहिला टप्पा हलकेच ओढून घ्यायचा, मग बोटाला जणू भिंत लागते, आणि त्या भिंतीवर हळूहळू दाब वाढवत नेला की गोळी सुटते. स्टायरच्या एलपी १० चा यांत्रिक ट्रिगर लोकांना आवडतो, कारण ही भिंत कुठे आणि किती कडक हवी ते बारकाईने जुळवता येतं. मॉरिनीच्या १६२ ईआयमध्ये हे काम बॅटरीवरची विजेची कळ करते. ती भिंत दर वेळी अगदी सारखी लागते, आणि छर्रा न भरता घरी सराव करणंही सोपं जातं. घरचा हा सराव फार कामाचा असतो. भिंतीवर कोरा कागद लावून रोज अर्धा तास नुसता ट्रिगर ओढणारी मुलं मी पुढे जाताना पाहिली आहेत.

टोकियोत पात्रता फेरी चालू असतानाच मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हापासून "इलेक्ट्रॉनिक नकोच" म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बिघाड कुठल्याही यंत्रात होतो, म्हणून तर मोठे नेमबाज दुसरं पिस्तूल जवळ ठेवतात.

दुसरी गोष्ट धक्क्याची. एअर पिस्तुलाला धक्का तो काय, असं वाटतं. पण छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत हात जरासा जरी हलला, तरी दहाचा नऊ होतो. स्टायरच्या पोटात एक छोटं वजन असतं. ते गोळी सुटताच सरकतं आणि धक्का स्वतःवर घेतं. जर्मन कंपन्यांकडेही अशी सोय आहे. मॉरिनीची ही जुनी रचना मात्र तिच्याशिवायच चालते आणि तरीही पदकं जिंकते. काहींना तो बारीकसा झटका हवासाच वाटतो, कारण हात कुठे ढळला ते त्यातून कळतं.

२५ मीटरच्या पिस्तुलात हाच मुद्दा मोठा होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. इथे .२२ची खरी काडतुसं असतात, परवाना लागतो, आणि वेगवान फेरीत प्रत्येक गोळीला तीनच सेकंद मिळतात. पार्दिनी इथे फार दिसतं. त्याची नळी हाताच्या अगदी जवळून, खालून जाते. त्यामुळे धक्का तोंड वर न उचलता सरळ मागे येतो आणि पुढच्या गोळीसाठी पिस्तूल लवकर सावरतं.

पण माझं मत विचाराल तर पैसे मोजण्याआधी मूठ पाहा. अक्रोडाच्या लाकडाची ही मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. डावखुऱ्यांची वेगळी. तळहाताखालची पट्टी वर-खाली करता येते, मात्र मनगट मोकळं राहिलं पाहिजे. डोळे मिटून हात वर करायचा आणि मग उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली, तर मूठ तुमची. नाही आली, तर कानस आणि लाकडाची लांबी घेऊन बसायचं. चांगल्या नेमबाजांच्या मुठी म्हणूनच दिसायला ओबडधोबड असतात. वाढत्या वयाच्या मुलांना तर पहिलं वर्षभर क्लबचंच पिस्तूल द्यावं, कारण तेवढ्यात हाताचं माप बदलतं.

जुनं पिस्तूल घेतलंत तरी चालतं. फक्त हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख आधी वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते. मुदत संपलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही, आणि नवं घ्यायचं तर स्वस्तात पडलेला सौदा महाग होतो.