कुलूप बदललं, जुनं रीडर अडलं

विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुतेक वेळा कुलूपबंद असतं आणि किल्ली आपल्या खात्याशी किंवा थेट यंत्राशी बांधलेली असते. दुकानदाराने कुलूप बदललं की गोची आपली!

२०१४च्या सुरुवातीला ई-पुस्तकांना कुलूप पुरवणाऱ्या अडोबीने नवं, जास्त कडक एन्क्रिप्शन आणलं. ते सक्तीचं झालं असतं, तर फर्मवेअर अपडेट न मिळालेल्या जुन्या रीडरवर नवी पुस्तकं उघडलीच नसती. बराच आरडाओरडा झाला, तेव्हा कंपनीने सक्तीची भाषा सोडली.

अॅमेझॉनचं प्रकरण जास्त बोलकं आहे. पूर्वी त्यांच्या साइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवताना 'कोणत्या किंडलसाठी?' असं विचारलं जायचं, आणि ती फाइल फक्त त्याच किंडलवर उघडायची. मग केबल लावा, फाइल टाका, झालं काम. २६ फेब्रुवारी २०२५पासून ही सोय बंद झाली, आता पुस्तक वायफायने किंवा मोबाइल नेटवर्कनेच येतं. पण किंडलच्या पहिल्या दोन पिढ्यांत आणि डीएक्समध्ये वायफाय नव्हतंच! अमेरिकेत २जी-३जी गेल्यावर या यंत्रांना केबलचाच आधार उरला होता. स्क्रीन ठणठणीत, तरी दुकानातलं नवं पुस्तक येणार नाही. चोरी रोखायची म्हणून पैसे मोजणाऱ्यालाच त्रास, हे मला तरी पटत नाही.

जुनं किंडल भंगारात मात्र टाकू नका. कुलूप नसलेली पुस्तकं केबलने अजूनही जातात. त्याला ईपब फॉरमॅट कळत नाही, म्हणून कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मोबी फॉरमॅटमध्ये करून घ्या आणि 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये टाका.