थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या लष्करी रायफलीचा दस्ता काळा पडला की लाकूड कुजले असे मानले जाते. बहुतेक वेळा तो काळेपणा मुरलेल्या तेलाचा, ग्रीसचा आणि हातांच्या घामाचा असतो. भारतात अशी सर्वांत ओळखीची रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री, अर्थात ली-एनफील्ड. तिचा १९०७ चा नमुना पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतरही बनत राहिला. परवानाधारक घरांत आढळणारी '३१५ बोअर' ही त्याच कारखान्याची, त्याच घडणीवर बेतलेली नागरी रायफल.

काळेपणा घालवायला पॉलिश पेपर घासावा, हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. घासताना तपासनिसांचे ठसे जातात, कडा गोल होतात आणि लाकूड खाली बसून धातूचे भाग वर उरतात. पुढचे लाकूड धातूला जिथे टेकते तिथले थोडेसे लाकूड गेले, तरी नेम बिघडू शकतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसणे एवढेच पुरते. मुरलेले ग्रीस खडूच्या पुडीचा लेप शोषून घेतो. खळगा पडला असेल तर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. चीर मात्र अशी भरत नाही, कारण तिथे तंतू दबलेले नसून तुटलेले असतात.

दस्ता आरशासारखा चमकला पाहिजे, ही समजूत फर्निचरवरून आलेली आहे. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते आणि ओरखडा लगेच दाखवते. ब्रिटिश पद्धतीत दस्त्याला जवसाचे तेल मुरवत. रायपूरच्या बूढापाऱ्यासारख्या तळ्याकाठच्या वस्तीत उन्हाळ्याची कोरडी झळ आणि पावसाळ्याची ओल लाकडाला आलटून पालटून आकसवते, फुगवते. तेल ही हालचाल पूर्ण थांबवत नाही, मंद करते. छत्तीसगडात भाताच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने जवस पेरतात, म्हणजे तेल घरचेच. पण ते घरी उकळले की बाजारातले 'उकळलेले' तेल तयार होते, हे खरे नाही. बाजारच्या डब्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून ते खाण्याचे नव्हे. साधे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. जाड थर दिला तर चिकटच राहतो. पातळ थर, पुसणे आणि धीर, एवढीच कृती आहे.

तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकण्यात काही धोका नाही, असेही समजतात. धोका आहे, आणि तो खरोखर आगीचा आहे. जवसाचे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेऊन तापते. गोळ्यात ती उष्णता साठून फडके आपोआप पेट घेते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

दस्ता आधी मागून सुटा करावा, हा गैरसमज कारागिरांतही आढळतो. १९०७ च्या नमुन्यात मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला, तर तेच चिरते. अशी चिरलेली लाकडे नेहमी दिसतात, आणि दोष उगीच 'जुन्या लाकडा'वर जातो.

शेवटचा गैरसमज कायद्याचा: दस्ता म्हणजे नुसते लाकूड, गल्लीतला सुतारही करून देईल. शस्त्र अधिनियम १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि कलम ५ प्रमाणे व्यवसाय म्हणून शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. त्यामुळे परवान्याची रायफल सुताराकडे नव्हे, परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्यावी.