गदा मिळाली, पुढे काय?

2025 सालच्या पहिल्या तीन महिन्यांत अहिल्यानगर जिल्ह्याने 'महाराष्ट्र केसरी'चे दोन आखाडे पाहिले. फेब्रुवारीच्या सुरुवातीस नगर शहरात पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली, तर मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळकेने. कुस्ती संघटनांतील फुटीमुळे एकाच किताबाच्या दोन स्पर्धा झाल्या, पण प्रेक्षकांना त्याचे काही नव्हते. दोन्हीकडे मैदान तुडुंब भरले, हलग्या वाजल्या, फेटे उडाले. नगरच्या अंतिम फेरीत तर पंचांशी वादही झाला आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक चहाच्या टपरीवर तोच विषय होता.

हा किताब 1961 साली सुरू झाला. त्या वर्षी औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. तेव्हापासून ज्यांनी गदा खांद्यावर घेतली त्यांची नावे खेड्यापाड्यातल्या पोरांना तोंडपाठ आहेत. पण त्यांतले किती जण पन्नाशीनंतर कसे जगले, औषधपाण्याला त्यांच्याकडे पैसे होते का, हे फार थोड्यांना सांगता येईल. आपल्या समाजातील तरुण पुन्हा मोठ्या संख्येने तालमीकडे आणि जिमकडे वळत आहेत, म्हणून ही गोष्ट आपल्या घरांत बोलली जावी असे आम्हाला वाटते.

बोरामणीचे तीन भाऊ

कर्जत-जामखेड ओलांडून करमाळा लागला की सोलापूर जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्यात दक्षिण सोलापूर तालुक्यात बोरामणी हे गाव आहे. या गावच्या शेख घराण्याने जे केले ते महाराष्ट्राच्या कुस्तीत विरळाच. इस्माईल शेख 1980 साली महाराष्ट्र केसरी झाले. बारा वर्षांनी, 1992 साली, त्यांचे भाऊ आप्पालाल शेख यांनी तीच गदा घरात आणली. आणखी दहा वर्षांनी, 2002 साली, मुन्नालाल शेख महाराष्ट्र केसरी झाले. एका घरात तीन सख्खे भाऊ आणि तिघांच्या नावापुढे एकच किताब!

आप्पालाल यांची कीर्ती महाराष्ट्रापुरती राहिली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस न्यूझीलंडमध्ये झालेल्या राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत त्यांनी देशासाठी सुवर्णपदक जिंकले. सोलापूर-कोल्हापूरच्या मैदानांत त्यांचे नाव पुकारले की लोक उभे राहत. गावच्या उरुसातील मैदान असो वा देवीच्या जत्रेतील फड, पैलवानाची जात आणि धर्म कुणी विचारत नाही. माती सगळ्यांच्या अंगाला सारखीच लागते. कुस्तीने आपल्याला दिलेली ही मोठी देणगी आहे.

पण आप्पालाल यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध फार कठीण गेला. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले. ज्या शरीराने भल्याभल्यांना चीत केले, ते दवाखान्याच्या खाटेवर आले. उपचारांच्या खर्चाने घराची ओढाताण झाली आणि एका महाराष्ट्र केसरीला मदत करा, अशी हाक वर्तमानपत्रांतून द्यावी लागली. 2020 सालच्या अखेरीस त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. श्रद्धांजलीचे फलक गावोगाव लागले. त्या फलकांवरचे फोटो जुने होते, खांद्यावर गदा असलेले.

मोठ्यांनाही चुकले नाही

हे एकट्या आप्पालाल यांच्या वाट्याला आले असते तर नशीब म्हणून सोडून देता आले असते. पण याआधीही हे घडले आहे.

गामा पैलवान यांचे नाव ऐकले नाही असे घर आपल्यात नसेल. 1910 साली लंडनमध्ये त्यांनी पोलंडच्या झबिस्कोला दोन तासांहून अधिक वेळ झुंजवले. ती कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा ठरलेल्या कुस्तीला झबिस्को आलाच नाही आणि गामा जगज्जेते ठरले. 1928 साली पतियाळाला दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवले. त्यांचे भाऊ इमामबक्ष हेही नामांकित मल्ल. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचा 1912 साली प्रारंभ झाला तो इमामबक्ष यांच्याच कुस्तीने, असे कोल्हापूरकर आजही अभिमानाने सांगतात.

गामांना राजे-महाराजांचा आश्रय होता. फाळणी झाली, संस्थाने गेली आणि तो आश्रयही गेला. लाहोरला अखेरची वर्षे आजारपणात आणि तंगीत गेली. सीमेपलीकडून, भारतातून, उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना मदत पाठवली. 1960 साली गामांचे निधन झाले.

आपल्या महाराष्ट्राचे खाशाबा जाधव पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांत नोकरी मात्र 1955 साली मिळाली आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. 1984 साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, सोळा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

श्रीमंत देशांतही हेच दिसते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सुझान पॉवटर ही व्यायाम आणि आहाराची टीव्हीवरची सर्वांत गाजलेली बाई होती. व्हिडिओ कॅसेट, पुस्तके, कोट्यवधींचा धंदा. भागीदारांशी कोर्टकज्जे झाले आणि 1995 साली दिवाळखोरी जाहीर करावी लागली. पुढे म्हातारपणी लास वेगासमध्ये घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवून तिने पोट भरले. नाव तिचे होते, पण पैशांचे व्यवहार तिच्या हातात राहिले नव्हते.

खुराकाचा हिशेब

पैलवानाच्या घरात पैसा का टिकत नाही, हे समजायला कागद-पेन्सिल पुरेशी आहे. एका होतकरू मल्लाचा रोजचा खुराक ढोबळमानाने मांडून पाहू. तीन लिटर दूध 180 रुपये, पावशेराला थोडे कमी बदाम 180, शंभर ग्रॅम तूप 70, आठ अंडी 56. आठवड्याला एक किलो मटण धरले तर दिवसाला शंभर-सव्वाशे, आणि फळे 50. बेरीज जाते साडेसहाशेच्या आसपास. महिन्याला वीस हजारांजवळ आणि वर्षाला सव्वादोन लाखांहून जास्त. मुलगा दहा वर्षे तालमीत राहिला तर खुराकापायीच तेवीस-चोवीस लाख रुपये गेले. मध्ये गुडघा किंवा खांदा निखळला तर ऑपरेशनचा खर्च वेगळा.

हे पैसे कोण घालतो? वडील हमाली करतात, आई म्हैस राखते, मोठा भाऊ स्वतःचे शिक्षण सोडतो. 2023 साली पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरी झालेला मोहोळ तालुक्याचा सिकंदर शेख हाही हमाली करणाऱ्या बापाचाच मुलगा. बहिणींच्या लग्नासाठी ठेवलेले डागसुद्धा कित्येक घरांत खुराकात गेले आहेत.

मिळकत येते ती जत्रा-उरुसांच्या हंगामात, चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत. शेवटच्या कुस्तीचा इनाम मोठा असतो, पण तो एकाच जोडीला. काही साखर कारखान्यांनी मल्लांना महिन्याचे मानधन दिले, तेही चांगला जोर असेपर्यंत. या धंद्यात ना प्रॉव्हिडंट फंड, ना ग्रॅच्युइटी. पस्तिशी आली की खांदे बोलायला लागतात आणि आमंत्रणे थांबतात.

ज्यांना वेळेवर नोकरी मिळाली त्यांचे चित्र वेगळे आहे. 2014 साली नगरलाच पहिली गदा जिंकणारा आणि पुढे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला. आखाड्यात घाम सगळ्यांनीच गाळला होता. महिन्याच्या एक तारखेला पगार मात्र थोड्यांच्याच खात्यात जमा होतो.

घराने काय करावे

ज्या घरात मुलगा तालमीत किंवा जिममध्ये रमला आहे त्या घरातील अब्बू-अम्मींना आम्ही काही गोष्टी सुचवू.

शाळा सोडू देऊ नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी शिक्षणाची अट पूर्ण करावी लागते आणि स्पर्धेचे प्रमाणपत्र पडताळून घ्यावे लागते. प्रमाणपत्रे हरवली, भिजली, उंदराने कुरतडली, अशा कहाण्या गावोगाव ऐकू येतात. सगळी एका फाइलीत ठेवा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठीचे अर्जही मुदतीत करा.

इनामाची रक्कम घरी आली की आधी ठराविक हिस्सा बाजूला काढा. जमिनीचा तुकडा, म्हैस, दुकानाचा गाळा, काहीही असो, पण ते मुलाच्या नावावर आणि कागदोपत्री असू द्या. फोटो काढायला येणारे पुढारी आणि जाहिरातीचा करार घेऊन येणारे लोक यांच्या कागदावर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

तब्येतीची एक गोष्ट डॉक्टर नेहमी सांगतात. मेहनत थांबली पण खुराक तोच राहिला, तर वजन वाढते, साखर आणि रक्तदाब मागे लागतात, आणि त्यांचा मार बसतो मूत्रपिंडावर. दुखण्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या तर त्याही मूत्रपिंडाला घातक ठरतात. जिममधला कुणी तरी सांगतो म्हणून घेतलेली इंजेक्शने तर उघड विषच. कुस्ती सोडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासावे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानतीची राखण पस्तिशीनंतरही करायची असते.

गावाने काय करावे

महिन्याला बारा-तेरा वेळा डायलिसिस करावे लागणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळाचा काय उपयोग? त्याला दवाखान्यात नेणारे वाहन हवे आणि अर्ज भरून देणारा हात हवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते आणि आता ती योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. शासन जुन्या मल्लांना मानधन देते, ते वाढवण्याची घोषणा 2023 साली पुण्यातील स्पर्धेच्या वेळी झाली. आपल्या गावच्या वस्तादाचे नाव त्या यादीत आहे का, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एका फेरीत होऊ शकते. जमातीतील शिकलेल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे.

एक अडचण मात्र आपली आपल्यालाच सोडवावी लागेल. पैलवान मागत नाही. त्याच्या भिंतीवर गदा असते, दारावर पाटी असते, म्हणून शेजाऱ्यांना वाटते याचे बरे चालले असेल. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. दवाखान्यापायी कर्ज झालेला जुना मल्ल त्यात मोडू शकतो. आणि देताना ही जकात आहे असे सांगणे जरुरीचे नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे. ईदच्या आधी किराणा दुकानदाराकडे जाऊन त्याच्या नावावरची उधारी मिटवावी, मेडिकलचे बिल भरावे, आणि गप्प घरी यावे. त्याची इज्जतही राहते आणि घरही चालते.

पुढच्या हंगामात तुमच्या गावात फड भरेल तेव्हा पंच कमिटीला आणखी एक सांगून पाहा. शेवटच्या कुस्तीचा इनाम लाखाचा ठेवणार असाल तर त्यातले दहा-वीस हजार गावातील आजारी, थकलेल्या जुन्या मल्लासाठी बाजूला काढा, आणि ते मैदानात पुकारा न करता त्याच्या घरी पोहोचवा.